पहिली दोन मिनिटं

जूचंद्र,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय शकू,

दादाचे आशीर्वाद. तिकडे वसईत होळी गावात सगळे बरे असाल, तुझी वाडीही बरी असेल. इकडे ठीक. गुडघे कुरकुरतात, पण घरात तेवढंच कुणीतरी बोलतं. यंदा दिवाळीच्या प्रदर्शनात मी रांगोळी काढली नाही. लोक म्हणाले, हरेश्वर म्हातारा झाला. म्हणू देत.

वालाच्या शेंगा मिळाल्या. अल्पेशचा वाटा तू वेगळा बांधून पाठवलास. तो तसाच पडून आहे.

काल फोनवर म्हणालीस, पोरगा हरवल्याची तक्रार सोमवारी मागे घेतेस. म्हणून लिहायला बसलो. तुझा आवाज ऐकला की माझी जीभ गोड होते आणि खोटं बोलते.

परेशच्या गोखिवऱ्याच्या गाळ्यात मी काय करतो ते तुला ठाऊक आहे. तो कुठकुठले खरे मृत्यू गोळा करतो, त्यांत आमचे बनावट मिसळतो आणि माहितीपट म्हणून विकतो. खऱ्यातलं खोटं कळू नये, हे माझं काम. रांगोळीतल्या चेहऱ्याच्या ओठांना मी जशी निळसर कड देतो, तशीच जखमेला देतो. मला त्याचा गर्व होता. अल्पेशला तिथे मीच नेलं. "मामा, इथे मरायचा पगार मिळतो," म्हणून हसायचा.

दिवाळीनंतर तो व्हिडिओ तुझ्यापर्यंत पोचला. खदाणीच्या पाण्यात अल्पेश बुडतोय, कपाळ फुटलेलं. दुसरी कुणी आई असती तर कोसळली असती. तू चित्र मोठं करून निळी कड ओळखलीस आणि सुनेला घेऊन धावत माझ्याकडे आलीस. "ही तुजीच कला हाय ना, दादा? माजा पोर जिता हाय." मी म्हटलं, हो, माझीच. परेशने त्याला लांब कामाला पाठवलंय, माझं त्याच्याशी फोनवर बोलणं होत असतं. तू माझ्या देव्हाऱ्यातलं कुंकू निधीच्या कपाळाला लावलंस. मी बसून चहा प्यायलो.

जखम माझीच होती, शकू.

गणपती नुकते गेले होते. त्या सकाळी तासभर खपून मी ती रंगवली. ठरलं होतं असं की अल्पेशने पाण्यात हातपाय मारायचे, मला हाका मारायच्या आणि कुणी पुढे जायचं नाही. खरंच मदत लागली तर त्याने काय करायचं, हे आम्ही ठरवलंच नाही. इतकी मरणं रंगवली, पण ते कधी सुचलं नाही.

तो "मामा, मामा" ओरडत होता. मी काठावर उभा होतो. परेशला म्हणालो, पोरगं आज काय काम करतंय. व्हिडिओतली पहिली दोन मिनिटं आम्ही बसवलेली आहेत. पुढचं कुणी बसवलेलं नाही.

परेशच्या माणसांनी त्याला दगड बांधून तिथेच खाली सोडलं. मी अडवलं नाही. मग परेशने तेच विकलं.

चार दिवस त्याची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी आहे. चौकीत जायला दोनदा निघालो, ती मागे आली, मी भाजी घेऊन परतलो. पोस्टापर्यंत जाऊ देतात. नव्या माहितीपटात त्याला उंचावरून पडणारा म्हातारा हवाय. "मामा, या वेळी तुम्हीच करा," म्हणाला. रंग आणू नका, असंही म्हणाला.

तक्रार मागे घेऊ नकोस. हे पत्रच चौकीत दे. गोखिवऱ्यामागची बंद क्रशरची खदाण, पंपाच्या खोलीखालचा काठ, तिथे पाण्यात माणूस उतरवायला सांग. निधीला तू सांग, माझ्याने होणार नाही. तुझी माफी मागायला तोंड नाही, पण तुझं लेकरू तुला मिळू दे, त्याला अग्नी तरी दे.

खाली 'तुझा दादा' लिहवत नाही. पोलिसांना पूर्ण नाव लागेल, ते लिहितो.

हरेश्वर दिनानाथ म्हात्रे
अल्पेशचा मामा. तो हाका मारत होता आणि मी बघत होतो.