खालाला दोनदा गरम झालं

४ फेब्रुवारी २००८, दौंड

आमच्या सेंटरमध्ये नवीन सीटी स्कॅन मशीन सुरू झालं! किरण टिपणाऱ्या डिटेक्टरच्या रांगा इतक्या, की पोटाचे फोटो एका श्वासात. म्हणून फोटो उठून दिसावा यासाठी शिरेतून द्यायचं औषध, डाय, निम्माच पुरतो — किडनी कमजोर असलेल्यांसाठी केवढी गोष्ट! सेंटरचे डॉक्टर, आमचे सर म्हणाले, "तहमीना, पुण्याच्या तोडीचं काम करू इथं."

घरी अब्बांना समजावलं. "म्हंजी औषध कमी आन् फोटू चांगला? मग आधी का न्हाई आणलं?" हसलो सगळे.

९ फेब्रुवारी

कासुर्डीला मावशीकडे गेले. लालबी खालाच्या पोटात गाठ लागतेय. सीटी लिहून दिलाय, पण किडनी आधीच नाजूक, त्यामुळे डायला घाबरून टाळतेय. तिचा हात हातात घेऊन बसले. म्हटलं, निम्माच देणार, सरांनी मला शब्द दिलाय.

"तू हाईस ना तिथं? मग येते."

तिचा मुलगा सोहेब म्हणाला, "चला, घरचीच डाक्टरीन हाय!" टोमणाच. तरी गोड वाटला.

१२ फेब्रुवारी

झाला खालाचा सीटी. सुई मीच लावली. मग सर म्हणाले, "घरचं माणूस आहे, तू बाहेर थांब. पुढचं मी बघतो." केवढा आधार वाटला!

रिक्षात बसताना खाला म्हणाली, "दोनदा गरम झालं गं अंगात."

म्हटलं, नाही खाला, डायनं गरम होतं, पण तो एकदाच देतात. तुला वाटलं असेल तसं.

१५ फेब्रुवारी

खालाची लघवी जवळजवळ बंद. पाय सुजलेत. पुण्याला हलवलं.

१६ फेब्रुवारी

सर यायच्या आधी मशीनवर खालाचे फोटो उघडले. दोन वेळचे! पहिल्या वेळी रक्तवाहिन्यांत डाय पोहोचलेलाच नाही. जुनं मशीन हळू, म्हणून फोटो लवकर सुरू करायचो. सरांनी त्याच सवयीनं बटण दाबलं. नवीन मशीन डाय पोटात यायच्या आत काम उरकून मोकळं! मग पुन्हा डाय. म्हणजे निम्मा-निम्मा मिळून पूर्णच झाला की. आणि मी तिला म्हटलं — तुला वाटलं असेल.

सरांना विचारलं. "तुझी खाला म्हणूनच पुन्हा दिला. नाहीतर गाठ दिसली असती?"

पुण्याच्या डॉक्टरांना तरी सांगा ना, सर.

"मशीनचं उद्घाटन तोंडावर आलंय, तहमीना. समजून घे."

समजून घे! तीन वर्षं यांच्याकडून शिकले. पेशंटशी खोटं बोलू नये, हेसुद्धा यांनीच शिकवलं.

स्टेशनसमोरच्या बूथवरून मीच पुण्याला फोन केला. सगळं सांगितलं.

१८ फेब्रुवारी

सोहेब दारातच उभा राहिला. आत येईना. "तुमचं सर म्हनले, सुई तहमीनानंच लावली. व्हय का न्हाई?"

व्हय.

पुढचं ऐकायला थांबलाच नाही.

१९ फेब्रुवारी, पुणे

खालाचं डायलिसिस चालू आहे. मी हात धरायला गेले. तिनं तो चादरीखाली घेतला.