रंगरावांचं दूध आणि ध्वनीचा वेग

मी, अनंत दिगंबर देऊळगावकर, वय ७१, पदार्थविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, राहणार मेहकर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. बुद्धीबद्दल पत्नी शारदा हिचं मत वेगळं आहे, पण ते नोंदवायची गरज नाही असं वकील म्हणाले.

१. राहतं घर व बँकेतल्या ठेवी शारदेला, तिच्यानंतर मुलगी नीरजा हिला. मागची खोली, जिला मी प्रयोगशाळा म्हणतो आणि घरचे अडगळ, ती शारदेने हवी तेव्हा रिकामी करावी. तिला तिथे पापड वाळत घालायचे आहेत.

२. हवेतला ध्वनीचा वेग मोजायची काचेची नळी व सर्व ट्यूनिंग फोर्क जानेफळच्या शाळेला. माझ्या वर्गातली मुलं आधी पुस्तकातलं उत्तर बघत आणि मग नळीतलं पाणी त्या खुणेवर आणत. मी त्यांना फार रागवत असे. तो अधिकार मला नव्हता, हे पुढे येईलच. सहकारी हिंमतराव यांनी १९९८ साली नेलेला फोर्क मी माफ करतो. त्यांनी परत आणला तर मात्र घ्यावा.

३. 'दुधातील ध्वनीचा वेग' हा माझा अपूर्ण प्रबंध, एकूण सात फायली. पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे परदेशी गेले, तिसरे भेटले तोवर मीच निवृत्त झालो. फायली रद्दीत द्याव्यात. तिथे निदान वजन तरी होईल.

४. जानेवारी २००७ मध्ये जानेफळच्या दूध संकलन केंद्राच्या सभेत मी माझं बॅटरीवरचं अल्ट्रासोनिक यंत्र दाखवायला नेलं. दुधातून ध्वनी किती वेगाने जातो हे मोजलं की भेसळ कळते, असं मी सांगत फिरत असे. यात चूक काही नव्हती, चुकलो मी. पहिलाच नमुना रंगराव पुंजाजी वायाळ यांच्या कॅनमधला निघाला. आकडा आला सेकंदाला १५०६ मीटर. माझ्या तक्त्यात पाण्याचा आकडा १५०९ आणि दुधाचा त्याहून बराच वर. मी भर सभेत जाहीर केलं की हे जवळजवळ पाणीच आहे.

केंद्राचे सचिव गोकुळ म्हणाले, "सर, लॅक्टोमीटर त बरोबर दाखवून राह्यला."

मी म्हणालो, लॅक्टोमीटर जुना झाला, हे विज्ञान आहे.

तक्ता तीस अंश तापमानाचा होता आणि दूध थंडीतल्या सकाळचं, सोळा अंशांचं. थंड दुधातून ध्वनी हळू जातो. नमुना तापवायचा हीटर भारनियमनामुळे बंद होता आणि थर्मामीटर माझ्या खिशात होता. अकरावीच्या मुलाने हे केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. उरलेलं दूध मी पुरावा म्हणून घरी आणलं. शारदेने ते तापवलं आणि म्हणाली, "अहो, तुमच्या पाण्याला बोटभर साय आलीय." मी तिला गप्प केलं.

केंद्राने रंगरावांचं दूध बंद केलं. पुढे त्यांनी पाचही म्हशी विकल्या. मे महिन्यात फायली चाळताना मला माझी चूक दिसली. तोवर यंत्रासकट माझा फोटो वर्तमानपत्रात आला होता आणि मी तो फ्रेम करून लावला होता. मी गप्प राहिलो, कारण मला भीती वाटली. दुसरं काहीही कारण नाही. लाज आजही वाटते.

५. ~~माझ्या तेराव्यानंतर कलम ४ नीरजाने संकलन केंद्रावर वाचून दाखवावं.~~

हे कलम खोडलं आहे, त्याचा खुलासा असा. साक्षीदार म्हणून मी रंगरावांनाच बोलावलं. ते सही करतील, चहा घेतील आणि दोघांचाही मोठेपणा दिसेल, असा माझा हिशेब. त्यांनी आधी सगळं वाचून घेतलं.

"सर, चूक तुमची अन् मान तुमच्या लेकीनं काऊन खाली घालायची?"

मी म्हणालो, आता इतक्या वर्षांनी तिथे जाऊन काय होणार.

"मी अठ्ठ्याहत्तरचा हाओ. मी आंधी गेलो त मले कसं ऐकू येईन? जिथं बोलले तिथंच जाऊन बोला. मंग सही करतो."

मेहकर ते जानेफळ हे अंतर ध्वनीला मिनिटभराचं आहे. मला तिथे पोचायला एकोणीस वर्षं लागली.

६. हे कलम आज दुपारी लिहीत आहे. सकाळी सात वाजता मी केंद्रावर कलम ४ उभ्याने वाचलं. कॅन घेऊन आलेले चौदा जण होते. सायीच्या वाक्यावर कोणी हसलं नाही. वाचून झाल्यावर रंगराव म्हणाले, "ऐकलं ना सगळ्यायनं?" लोकांनी माना हलवल्या. बाहेर आल्यावर ते माझ्याशी हळू बोलले.

"धार माही बायको काढे, सर. गावातल्या बाया तिलेच इचारत, कौशल्याबाई, पाणी किती टाकतं म्हणून. तिले जाऊन सहा वर्षं झाले."

याचं काय करावं, हे मी वकिलांना फोनवर विचारलं. यासाठी कलम नसतं, असं ते म्हणाले.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला असून दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

ठिकाण : जानेफळ, ता. मेहकर
दिनांक : ८ फेब्रुवारी २०२६

(सही) अनंत दिगंबर देऊळगावकर

साक्षीदार :
१. (सही) गोकुळ, सचिव, दूध संकलन केंद्र
२. (सही) रंगराव पुंजाजी वायाळ, स्वतःकरता व कै. कौशल्याबाईकरता