खिंडीतल्या खालच्या बाजूचे नियम

अण्णा, आपल्या खिंडीच्या लढाईचे नवे नियम मी केलेत, आणि ते इतके झकास जमलेत की तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली म्हणून काय झालं, या खेळातलं दुसऱ्या कोणाला कळणार आहे? सगळे नियम मिळून एक पान, तेही पाठपोट नाही. तुमचं रजिस्टर अजून माझ्याकडे आहे. तुमच्या पॉवर हाऊसच्या लॉगबुकासारखं आखलेलं, एकूण त्रेचाळीस नियम, आणि त्रेचाळिसावा म्हणजे आधीचे बेचाळीस कोणत्या क्रमाने लावायचे ते. एक चकमक निकालात काढायला तुम्हाला चार तक्ते बघावे लागायचे. आई म्हणायची, खरी लढाई यापेक्षा लवकर संपली असेल.

भिवपुरीच्या क्वार्टरची पडवी मला अजून लख्ख दिसते. विटांवर पोती अंथरून दोन डोंगर केलेत, मधे अरुंद खिंड. खालापुरातली ती उंबरखिंड तुम्ही आणि चाचांनी एका उन्हाळ्यात चालून पावलांनी मोजलेली, त्यामुळे वळण न् वळण बरोबर. डोंगरावर चिंचोके, म्हणजे मावळे. खाली वाल, म्हणजे घाट उतरून कोकणात निघालेली आणि मधेच कोंडली गेलेली खानाची फौज. तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून रजिस्टर चाळताय. मी चौदा वर्षांची, तुमच्या बाजूची, डाव्या डोंगरावरची तुकडी माझी. आणि समोर चाचा, तुमचे शाळेपासूनचे दोस्त, ईदेला आपल्याकडे शिरखुर्म्याचा डबा आणणारे, रविवारची वखार भावाच्या गळ्यात मारून लोधिवलीहून एसटीने आलेले. ते विचारताहेत, "काय रं, मेले का माझे वाल, का अजून तपास चालू हाय?"

मरायचेच, अण्णा. दर रविवारी मरायचे. तुमच्या नियमांत खिंड ज्याच्या ताब्यात तो जिंकला, आणि खिंड वरच्याच्याच ताब्यात राहणार हे तर नकाशा बघूनच कळायचं. चाचा दोन वर्षं हरले. मग एका रविवारी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सहज म्हणाले, "दोस्ता, एकदा मला वर बसू दे की." तुम्ही रजिस्टरातून मान वर न करता म्हणालात, "अरे, तुझी बाजू खालची. तू खान ना." आणि हसलात. चाचाही हसले. डाव पुरा केला, चहा पुरा केला, वाल मोजून डब्यात भरले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. निरोप यायचा की वखारीत माल उतरतोय.

तुमच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी तुम्हाला सांगितलं होतं, "अण्णा, त्यांना लागलं ते," आणि तुम्ही माझ्यावरच डाफरलात. "खेळ आहे तो. तुला काय कळतं त्यातलं?" मी खूप चिडले होते. इतकी की माझ्या तुकडीचे चिंचोके मी चुलीत घातले, ते तुम्हाला कधी कळलं नाही. वर्षभरात तुम्ही गेलात. चाचा आले, खांदा दिला, आईशी दोन शब्द बोलले, आणि परत गेले.

आता मजा ऐका. गेल्या वर्षी मुंबईत फुटपाथवर मला एक चोपडी मिळाली. कुठल्यातरी परक्या मुलखातल्या लढाईचा खेळ, जेमतेम आठ पानं. पहिल्याच पानावर लिहिलेलं, आधी ठरवा की कोणत्या बाजूला काय हवं आहे. दोघांना एकच गोष्ट हवी असते असं नाही. मी तिथेच उभी राहून वाचलं आणि मला एकदम तुमची खिंड दिसली. खानाला खिंड कुठे हवी होती? त्याला त्यातून बाहेर पडायचं होतं! आणि खरंच पडला की तो. त्याच्याबरोबरच्या सरदारणीने समजावलं, वकील पाठवला, सामान टाकलं आणि माणसं जिवंत बाहेर काढली. हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. रजिस्टरात तेवढंच राहून गेलं.

मग मी भिसेगावच्या घरात सुट्टीभर बसले आणि सगळं मोडून पुन्हा मांडलं. तक्ते नाहीत, चकमकीला एकदाच कवड्या टाकायच्या. तुकड्या पाच, पण हुकूम फेरीला फक्त तीन. म्हणजे दर वेळी दोन तुकड्या तशाच सोडायच्या, आणि कोणत्या सोडायच्या यातच जीव वर-खाली होतो. खिंडीत अडकलेल्याला पाणी नाही, म्हणून दर फेरीला एक वाल तहानेच्या वाटीत. आणि खरी गंमत पुढे. खालच्याने कधीही वकील पाठवावा. मग दोघांनी तळहाताखाली झाकून चिठ्ठी ठेवायची, खालच्याने सामानाची इतकी गाठोडी देतो, वरच्याने इतकी हवीत. देणं मागण्याइतकं किंवा जास्त असेल तर वाट मोकळी, नाहीतर लढाई पुढे. लवकर पाठवला तर सामान फुकट जातं, उशीर केला तर माणसं राहत नाहीत. वरच्यालाही बसून राहता येत नाही, कारण त्याची दारूगोळ्याची वाटी रिकामी होत असते. शेवटी दोघांचे गुण वेगळे मोजायचे. इतिहास कुठेही सांगावा लागत नाही, खेळता खेळता आपोआप कळतो. शाळेतल्या माझ्या मुलींनी चहा उकळेपर्यंत नियम वाचले आणि लगेच भांडायला लागल्या. यापेक्षा मोठं प्रमाणपत्र काय हवं?

पण खरं सांगायचं तर मला हे नियम एकाच माणसासाठी चांगले व्हायला हवे होते. गेल्या रविवारी ते पान घेऊन मी लोधिवलीला गेले. चाचा आता थकलेत, मोतीबिंदूचा जाड चष्मा आहे, वखार मुलगा बघतो. मी वखारीतल्या फळ्यांवर खिंड मांडली. मी म्हटलं, "चाचा, पहिल्या डावाला बाजू तुम्ही निवडायची." त्यांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "वरची."

वर बसून त्यांनी मला असं भाजून काढलं म्हणता! पण हाव सुटली. मी वकील पाठवला तर अख्खी गाठोडी मागितली, मी कमी देऊ केली, लढाई लांबली, त्यांची वाटी रिकामी झाली आणि माझे सतरा वाल सुखरूप कोकणात उतरले. गुणांवर मी जिंकले. चाचा मांडीवर थाप मारून म्हणाले, "आयला, खाली पण जिंकता येतं?" आणि लगेच, "आता ती बाजू मला दे गं. खरी मजा तिच्यातच हाय." दिवस कलेपर्यंत आम्ही चार डाव खेळलो. तीन वेळा ते स्वतःहून खान झाले. मला इतका आनंद झाला होता की डोळे पुसायला कवड्या शोधायचं निमित्त करावं लागलं.

आवरताना त्यांनी ते पान डोळ्यांजवळ धरलं आणि विचारलं, "कोणी केलं हे?"

मी म्हटलं, "अण्णांनी. जायच्या आधी करत होते. तुमच्यासाठी. मी फक्त पक्कं लिहून काढलं."

त्यांनी पानाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "मला ठाव होतं. समजायचं त्याला, फकस्त उशिरा समजायचं."

अण्णा, मी खोटं बोलले. आणखी एखादं वर्ष मिळालं असतं तर तुम्ही हा नियम केला असतात की नाही, हे मला खरंच माहीत नाही. येत्या रविवारी चाचा घरी येणार आहेत, आणि माझ्या वह्या चाळायची त्यांची पडवीतल्या दिवसांपासूनची सवय आहे, म्हणून हा कागद मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवते आहे.