पत्त्यातून गेलेलं गाव

बाबा, जपानात सेंदाई शहराच्या उत्तरेला, भातशेतीच्या सपाट मुलखात एक गाव होतं. ते सरकारने शेजारच्या शहरात विलीन केलं. त्या वर्षांत तिकडे अशी पुष्कळ गावं मोडीत निघत होती, आणि आमच्यासारखे पुण्याचे इंजिनियर राजधानीजवळच्या ग्योतोकुहून, जिथे आम्ही राहायचो, बॅगा भरून त्यांच्या कचेऱ्यांत जाऊन बसत. मी तिथे कॉम्प्युटरमधले पत्ते बदलले. गावाचं नाव काढलं, शहराचं घातलं.

तिथले एक म्हातारे कारकून तुमच्याच जातकुळीचे, शिक्का वापरून झाला की पुसून डबीत ठेवणारे. शेवटच्या शुक्रवारी ते माझ्यासाठी स्वतः चहा घेऊन आले आणि चाचरत म्हणाले, "नव्या पत्त्याखाली जुनाही दिसेल का? म्हातारी माणसं अजून तोच सांगतात." मी मान कलती केली, दातांतून श्वास ओढला आणि म्हणालो, "जरा अवघड आहे." जपानात एवढं म्हटलं की समोरचा पुन्हा विचारत नाही. हे मला आल्या आल्याच कळलं होतं. त्यांनी वाकून माझीच माफी मागितली. काम तासाभराचं होतं, पण मला चारची बस गाठायची होती.

बसमध्ये तुमची आठवण आली. आपलं गाव शहराच्या हद्दीत गेलं, तुम्ही कारकून होतात ती ग्रामपंचायत बंद झाली, त्यानंतरची एक दुपार. स्वयंपाकघरात आई भाकरी थापतेय, मी मामाला पाठवायच्या पाकिटावर आपला पत्ता लिहितोय, घर नंबर, वॉर्ड, शहर. तुम्ही पाकीट माझ्यापुढे परत सरकवता. "गाव कुठाय? आपण काय आभाळातनं पडलो?" मी कोपऱ्यात बारीक अक्षरात गाव लिहितो. तुम्ही शेवटपर्यंत तसंच लिहीत राहिलात, आणि मला त्याची लाज वाटायची.

त्या कारकुनांबद्दल मला तेव्हा काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर आजही फारसं वाटत नाही, आणि त्याचंच थोडं वाईट वाटतं.

हे पत्र खणातच राहील. एक मात्र सांगायचं राहिलंय. तुमच्या मृत्यूच्या दाखल्यावर नुसता वॉर्ड नंबर आहे. महापालिकेने घोळ घातला, असं मी आईला सांगितलं. गावासाठी फॉर्मवर जागा होती, बाबा. फॉर्म मीच भरला होता.