न कापलेली पानं

धम्मादादा,
सप्रेम जय भीम.

तुला जाऊन परवा वर्ष झालं. आज मी तुझ्यासारखीच पुस्तकाची पानं कापायला सुरी घेऊन बसले.

बर्डीच्या बाजारातल्या फुटपाथवरून आपण रोमन कथांची जुनी मराठी भाषांतरं जमवायचो. तू वाचायला, मी जपायला. त्यातल्या एका प्रतीच्या पानांच्या कडा छापखान्यातून आल्या तशाच जोडलेल्या होत्या. मी त्या कुणाला कापू देत नव्हते. "वाचाचंच नाही तं घेतलं काहून वं?" असं तू दर वेळी म्हणायचास.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यातून तू तीच प्रत मागितलीस. मी म्हटलं, सापडत नाही. ती माझ्या कपाटात होती, कुलपात.

आज दुपारी मीच पहिली कड कापली. शंभर वर्षांत कुणी न उघडलेल्या त्या पानाच्या समासात पेन्सिलीची खूण होती. शेपूट वर वळलेली, तू वाचता वाचता करायचास तशी, तुझीच. पुढच्या पानातही तीच. घाबरून मी आणखी एक कड कापली, तर सुरी बोटात गेली. उघडलेल्या पानावर तुझं अक्षर होतं, 'मेघा, बोट सांभाळ वं.'

मी सुरी ठेवून दिली. उरलेली पानं उजेडासमोर धरली की आतल्या खुणा दिसतात. दुपारी त्या सातव्या गोष्टीपर्यंत होत्या. आता आठव्या गोष्टीत आहेत.

सावकाश वाच, दादा. कपाटाला मी आता कुलूप लावत नाही.

तुझ्याशी खोटं बोललेली,
मेघा