राहिलेल्या एका ओळीबद्दल

मी, हरिश्चंद्र जगन्नाथ कोयंडे, वय ६३, राहणार तोंडवली, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझा मुलगा यतीन याला अधूनमधून तशी शंका येते, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. उलट घरातले सगळे म्हणत होते, कशाला आत्ताच हे अभद्र.

१. तोंडवलीचं घर आणि मागची माडांची जागा पत्नी विमला हिला. तिच्या हयातीत कोणी वाटणीचं नाव काढू नये. पुण्याची नोकरी संपवून २००२ साली आम्ही परत आलो, तेव्हापासून ती पश्चिमेची खोली कोकमं ठेवायला मागत होती आणि मी तिथे माझं टेबल मांडून बसलो होतो. आता ती खोली तिची.

२. बँकेतली आणि पोस्टातली शिल्लक विमलाची. तिच्यामागे यतीन आणि मुलगी रिया यांनी सारखी वाटून घ्यावी. भांडायचंच असेल तर मी गेल्यावर वर्षभराने भांडावं.

३. ऑसिलोस्कोप, सोल्डरिंगची हत्यारं आणि सगळ्या वह्या भाची प्राजक्ता हिला. यतीनला देत नाही, कारण कुठलंही यंत्र अडलं की ‘बंद करून चालू करा’ एवढाच त्याचा उपाय. वैताग असा, की मी होड्यांसाठी बनवलेल्या पेटीवर (पाहा कलम ५) नेमका तोच उपाय चालत होता आणि तो का चालतो, हे मला दोन वर्षं सुचलं नाही.

४. ज्या कंपनीचं कर्नल मी विकत घेतलं, तिच्यावरचा माझा राग मागे घेतो. कर्नल म्हणजे पेटीतला मुकादम. कुठलं काम आधी आणि कुठलं मागाहून, हे तो ठरवतो. एखाद्या होडीवरची पेटी अडून बसली की मी त्यांना पत्र लिहायचो, असं अकरा वेळा केलं. ‘दोष तुमच्या प्रोग्रॅममध्ये आहे,’ असं ते दर वेळी त्याच त्या भाषेत कळवायचे. उर्मट लोक. पण बरोबर होते.

५. आता पेटीबद्दल. हे नीट वाचावं.

मच्छीमार सोसायटीच्या अकरा होड्यांवर मी बनवलेली पेटी आहे. उपग्रहाकडून होडीची जागा तिला कळते आणि लाल बटन दाबलं की ती जागा सोसायटीच्या कचेरीत पोचते. पेटी जिवंत असली की हिरवा दिवा लुकलुकतो. रोज किनाऱ्याला लागल्यावर पेटी बंद करा, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. कारण काही नाही, मी स्वतः टेबलावरची पेटी संध्याकाळी बंद करायचो म्हणून. दहा जणांनी ऐकलं. बाबली तारी याने नारळी पौर्णिमेला होडीबरोबर पेटीचीही पूजा केली, स्विच काढला आणि वायर थेट बॅटरीला जोडली. मी चिडलो तर म्हणाला, “हरीकाकानू, पुजलेलो दिवो मालवूचो नाय.”

ऑक्टोबर २००७ मध्ये देवगडच्या बाहेर वारा उठला. बाबलीचं इंजिन बंद पडलं, मग वायरलेसच्या एरियलची काठी मोडली. त्याचा धाकटा भाऊ सत्यवान याने लाल बटन दाबलं. दिवा हिरवा होता. मदत येतेय म्हणून दोघे होडी धरून थांबले. कचेरीत काहीही पोचलं नव्हतं. होडी उलटली. दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याच्या ट्रॉलरला बाबली सापडला. सत्यवान सापडला नाही.

सोसायटीने माझं लेखी मत मागितलं. मी लिहून दिलं की होडीच्या मालकाने वायर थेट जोडल्यामुळे पेटी निकामी झाली. माझी खात्रीच होती. माझ्या टेबलावर पेटी कधी बसायची नाही, आणि शोध घ्यायला म्हणून मी जरा तपासणीच्या ओळी घातल्या, की दोष आणखीच दडी मारून बसायचा. मग दोष बाबलीचा नाही तर कोणाचा? तो कागद सोसायटीच्या फळ्यावर लागला. तेव्हापासून बाबली समुद्रावर जात नाही, दुसऱ्यांची जाळी विणतो. त्याची आई राधाबाई त्याच घरात राहून त्याच्याशी बोलत नाही.

या वर्षी जूनमध्ये प्राजक्ताने फोनवर विचारलं, “मामानू, तुमी पेटी रोज बंद कित्याक करतास? आठवडोभर चालू ठेवन बघा.”

मी ठेवली. होडीवर असतो तसा शेजारी वायरलेस ठेवला आणि त्यावर दिवसभर बोलत बसलो. सहाव्या दिवशी पेटी मेली. दिवा हिरवाच.

प्रकार असा. उपग्रहाचा संदेश वाचायला पेटीत दोनशे बफर असतात, म्हणजे स्मृतीतले कप्पे. कप्पा घ्यायचा, संदेश वाचायचा, कप्पा परत ठेवायचा. वायरलेसवर कोणी बोललं की मधूनच एखादा संदेश खराब व्हायचा. खराब संदेश मी टाकून देत होतो. कप्पा परत ठेवायची ओळ तिथे लिहायची राहिली होती. एक ओळ! पेटी रोज बंद केली की कप्पे पुन्हा दोनशे. बाबली ती बंद करत नव्हता आणि वायरलेसवर अख्ख्या किनारपट्टीत त्याच्याएवढ्या गजाली कोणाच्या नव्हत्या. वारा उठल्यावर तर सगळेच ओरडत होते. शेवटचा कप्पा संपला आणि कर्नल कोसळलं. अशा वेळी पेटी आपोआप पुन्हा चालू करणारा वॉचडॉग असतो. कामं थांबली तर त्याला कळायला हवं. मी त्याला दिव्याच्याच टायमरवर बांधून ठेवलं होतं. आत सगळं मेलं तरी दिवा लुकलुकत राहिला आणि वॉचडॉग गप्प बसला. पहिल्या वर्षाचा पोरगासुद्धा अशी चूक करणार नाही. मी तीस वर्षं हेच काम केलं.

जुलैमध्ये, होड्या वर ओढलेल्या असताना, सर्व्हिसिंगच्या नावाखाली मी सगळ्या पेट्यांतला प्रोग्रॅम बदलला. कोणाला काही सांगितलं नाही. बाबलीचं नाव मात्र तसंच राहिलं. मला लाज वाटली, दुसरं कारण नाही.

६. माझ्या तेराव्यानंतर कलम ५ सोसायटीच्या फळ्यावर लावावं.

७. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असं वकील म्हणतात. बाबलीला मी काही देत नाही, म्हणून एक साक्षीदार तोच. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, हेही वकिलांनी सांगितलं. म्हणूनच मला त्याला बोलवायचा धीर झाला.

पुरवणी, त्याच दिवशी

बाबली आला. पेन हातात घेतलं नाही. म्हणाला, “काय लिवलास तां वाचल्याबिगर मी सही करणंय नाय. एकदा तुमच्या कागदान माजां घर मोडलां.”

मी वाचून दाखवलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. जमिनीकडे बघून म्हणाला, “जूनपासून तुमका म्हायत आसा?”

मी हो म्हणालो.

“आये चवदा म्हयने माज्या हातचां पाणी घेणा नाय. पंच्याऐंशी वर्सां झाली तिका. तुमी जायसर ती खंय रवतली?”

माझं तेरावं होईपर्यंत राधाबाई उरतील याचा भरवसा नाही. सबब कलम ६ रद्द करतो. कलम ५ ची एक प्रत माझे पहिले साक्षीदार, सोसायटीचे चेअरमन रविकांत मेथर यांनी आत्ताच फळ्यावर लावली आहे. बाकीचे कागद घेऊन आम्ही तिघे तारींच्या घरी आलो. राधाबाईंना कलम ५ मी स्वतः वाचून दाखवलं, दोन वेळा, कारण पहिल्या वेळी त्यांनी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या वेळी ऐकून झाल्यावर त्या आतल्या बाजूला तोंड करून म्हणाल्या, “बाबल्या, पाणी हाड रे.”

साक्षीदार क्रमांक दोन पाणी आणायला गेला, त्यामुळे त्याची सही थोडी उशिरा झाली.

ठिकाण: राधाबाई तारी यांचं खळं (अंगण), तोंडवली
दिनांक: १४ डिसेंबर २००८

मृत्युपत्र करणार: हरिश्चंद्र जगन्नाथ कोयंडे (सही)

आमच्यासमोर सही झाली:
१. रविकांत मेथर (सही)
२. बाबली तारी (सही)