राख वाळेपर्यंत

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

हॉल मिळाला! एक मार्च, शनिवार, संध्याकाळ.

मॅनेजर भैय्याजींनी आधी भरपूर डोकं खाल्लं. गाणं आहे म्हटलं — चालेल. ढोलकी आहे — चालेल. मी गात असताना मागे एक जण मोठ्या कापडावर चित्र काढेल — तेही चालेल. "कशानं काढेल?" म्हटलं, राखेनं. त्यांनी पेन खाली ठेवला.

"स्टेजवर राख? मॅडम, हा हॉल आहे, स्मशानघाट नाही!"

मग समजावलं. वीज केंद्रातली कोळशाची राख, चाळलेली, डिंकाच्या पाण्यात कालवलेली. खाली ताडपत्री. फरशीवर एक डाग दिसला तर मी स्वतः पुसून जाईन. तरी मान हलेना. मग तिथेच, त्यांच्या टेबलापुढे उभी राहून दोन ओळी गायले. शिपाईसुद्धा दारात येऊन थांबला. सही केली बुवा! करतील हे मला ठाऊकच होतं.

लग्नाआधीचा शेवटचा कार्यक्रम. चार मेला पियूषशी लग्न, मग पुणे. शेवटचाच करायचा तर असा करीन की नागपूरच्या लक्षात राहील.

४ फेब्रुवारी

आईला सांगितलं. "चित्र कोन काढनार?" म्हटलं, प्रशिक.

पालकाची जुडी हातात तशीच. "कोन प्रशिक?" — जसे काही आमच्या ओळखीत प्रशिकच प्रशिक आहेत!

"फारकत झाली ना वं तुमची? मंग पुन्हा त्याच्यासंगच काहून?"

"फारकत नवऱ्याशी झाली आई. चित्रकाराशी नाही झाली."

चिडली. देठं जरा जोरातच मोडायला लागली. "अन् पियूषले काय सांगशील?"

"सांगितलं. मस्त कर म्हणाला."

"भोळा आहे पोरगा."

भोळा नाही. पियूषनं मला गाताना पाहूनच पसंत केलं होतं, पुण्यातल्या एका कार्यक्रमात. त्याला ठाऊक आहे काय घेतोय ते.

आणि प्रशिकच का, हे इथे तरी खरं लिहू. कारण तो सगळ्यांत चांगला आहे. संसार नाही जमला आम्हाला. तीन वर्षं होतील फारकतीला. पण खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेला तो माणूस — दोरीवरच्या कपड्यांवर, स्कूटरच्या सीटवर राख बसायची, त्यात बोटानं चित्रं काढत मोठा झाला. तसा हात मला दुसरीकडे दिसला नाही. फोन केला तेव्हा मी म्हटलं, "काम आहे." तो म्हणाला, "सांग." बस. एवढंच लागतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिली तालीम. नागपूरच्या कडेला, बेसा भागात, ढोलकीवाल्या गोलूभाऊंच्या घरी. वरचा मजला अर्धाच बांधलेला, त्यामुळे आवाज कितीही करा. गोलूभाऊ जयंतीच्या मिरवणुकीत वाजवतात, जागरणात वाजवतात, लग्नात वाजवतात. पन्नाशी झाली, तरी त्यांना सगळे गोलूच म्हणतात.

राखेची गंमत आज पहिल्यांदा जवळून पाहिली. काळ्या कापडावर ओली राख लावली की काही दिसतच नाही. काळ्यावर काळं. प्रशिक हात मारत सुटतो आणि आपण नुसते बघत बसतो. मग वाळायला लागते तसतशी पांढुरकी होत जाते, आणि चित्र आपोआप वर येतं. फोटो धुवायचे पूर्वी, तसं. पुन्हा पाणी मारलं की गायब!

गोलूभाऊ म्हणाले, "च्या मायला, हा तर जादूचा खेळ आहे गा!"

ठरलं असं — पहिला अर्धा भाग माझी बसवलेली गाणी. दुसऱ्या भागात लोकांनी एक शब्द द्यायचा आणि त्यावर तिघांनी जागेवर करायचं. आधी काही ठरवायचं नाही. मला भीती नाही. शब्द माझ्याकडे येतात. नेहमीच आलेत.

११ फेब्रुवारी

पियूषनं नव्या फ्लॅटचे फोटो पाठवले. पडद्यांचा रंग विचारतोय. घरूनच काम करतो, दिवसभर त्यालाच बघायचेत पडदे. म्हटलं, राखाडी सोडून कुठलाही.

१४ फेब्रुवारी

भांडण. चांगलंच.

मी म्हटलं, "मी झाड गायलं की तू झाड काढतोस, नदी गायली की नदी! शाळेच्या पुस्तकातली चित्रं काढून राहिला का?"

त्यानं ब्रश बादलीत टाकला. "मंग काय काढू? तू डोळे मिटून गातेस. मी काय करून राहिलो ते तुले दिसतच नाही. मी तुह्या मागं मागं येऊन राहिलो नुसता. तू एकदा तरी माह्या मागं ये ना."

"गाताना डोळे मिटतात. त्याले मी काय करू?"

"संसारात बी हेच झालं."

गोलूभाऊ ढोलकीची दोरी आवळत बसले. मी पर्स उचलली आणि निघाले.

१५ फेब्रुवारी

तालमीला गेले नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गोलूभाऊ थेट शाळेत! मी सहावीला प्रार्थनेची चाल शिकवत होते, हे खिडकीबाहेर उभे.

"पाह्य वं मिनल, तुम्ही दोघं भांडा. पन त्यात माह्या ढोलकीनं काय पाप केलं?"

हसू आलं. संध्याकाळी गेले. प्रशिक कापड ताणत होता. मागचं कोणीच काढलं नाही. मी म्हटलं, आज उघडे ठेवते डोळे.

ठेवले. बेसूर झाले! लहानपणापासूनची सवय — सूर आत लागतो, मग डोळे उघडायचे. उघड्या डोळ्यांनी सगळंच मध्ये येतं. गोलूभाऊंची टाच, टांगलेली वायर, प्रशिकच्या बाहीचं भोक. दोन ओळींत सूर सुटला. प्रशिक पुन्हा कापड ओलं करायला लागला.

तरी सोडणार नाही. शिकता येतं हे.

२२ फेब्रुवारी

आज बरं होतं. सबंध डोळे उघडे नाही राहिले, पण मधूनमधून पाहिलं. एकदा त्यानं आडवी रेघ ओढली तर मी खालचा सूर तसाच धरून ठेवला, रेघ संपेपर्यंत. गोलूभाऊ म्हणाले, "आता जमून राहिलं." अर्ध्या बांधलेल्या भिंतीवर बसून तिघांनी चहा घेतला. ऊन चढायला लागलंय.

प्रशिकनं विचारलं, "शाळा सोडली?"

"राजीनामा दिला. एप्रिलपर्यंत आहे."

"हं."

त्याचं हे "हं" मला सात वर्षं कळलं नाही. आता कळून घ्यायची गरजही नाही. छान वाटलं.

२७ फेब्रुवारी

आई सकाळी: "मी काही येत नाही तुह्या कार्यक्रमाले." दुपारी: "हॉलमध्ये एसी असते का वं? शाल घ्यावं लागन का?"

२ मार्च, रविवार

काल आल्यावर लिहिता आलं नाही. आज सकाळी लिहितेय, आवाज बसलाय, पण हात मजबूत आहे.

हॉल भरला. मागे उभे होते लोक. भैय्याजी पहिल्या रांगेच्या कडेला, नजर फरशीवर. पहिला भाग मी जिंकला — हो, जिंकला! खोटी नम्रता कोणासाठी लिहू? बसवलेली गाणी मला येतात. डोळे मिटून गायले आणि लोकांनी टाळ्यांनी छप्पर उचललं.

मग म्हटलं, आता तुम्ही एक शब्द द्या. मोठा नको, घरातला द्या.

"संत्रं!" कोणीतरी ओरडलंच. नागपुरात दुसरं काय येणार. हशा. मग तिसऱ्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले, स्वेटर घातलेले.

"बदली," ते म्हणाले.

पुन्हा हशा झाला, पण लगेच विरला. मी विचारलं, "बदलीच काहून आजोबा?"

"वामनराव म्हनतात मले. नोकरीपायी गावोगाव फिरलो. दर बदलीले बायको रडे. मी म्हणो, पगार वाढला ना? तरी रडेच. आता ती नाही. तुम्ही गा त्याच्यावर."

घ्या! मी डोळे मिटले. गोलूभाऊंनी ढोलकी नुसत्या बोटांनी धरली. शब्द आले — येतातच — पण काय आले? गादी, खाट, पिंप, सायकल. सामानाची यादी! मी गात होते आणि मला कळत होतं की हे पोकळ आहे. मागे कापडावर प्रशिकच्या हातांचा फरफर आवाज. चालीवर तारून नेत होते नुसती. लोक शांत, पण ते सभ्यतेनं शांत होते.

आणि मग पुढून एका बाईचा आवाज आला, "अगं बाई…"

त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. माझ्या मागे पाहत होत्या. मी डोळे उघडले आणि वळले. लोकांकडे पाठ करून उभी राहिले — जन्मात कधी केलं नव्हतं!

कापडावर खोली उगवत होती. रिकामी. ट्रक नाही, गादी नाही, मी गायलेलं काहीच नाही. एक कोपरा, एक खिडकी, भिंतीवर एक चौकोन — फोटो होता तिथे, काढून नेलेला. चौकोनाच्या वर एक खिळा. राख वाळत होती तशी भिंत उजळत होती आणि तो चौकोन काळाच राहत होता.

मी त्याच्याकडे बघतच गायले:

ट्रकात चढली गादी, ट्रकात चढली खाट
मागं राहिला खिळा, पाहत माही वाट

उघड्या डोळ्यांनी. एक सूर हलला नाही. प्रशिकनं मान वळवून पाहिलं. मग त्यानं बोटावर राख घेतली आणि खिळ्याची सावली ओढली, तिरपी, जमिनीपर्यंत. मी "वाट"चा सूर तिच्याबरोबर खाली आणला. तो थांबला, मी थांबले. मग त्यानं दोन्ही हात पाण्यात बुडवले आणि खिडकीवर ठेवले. खिडकी गेली. काळं.

गाणं काय गाणार आता? मी गप्प झाले. गोलूभाऊंनी ढोलकीवर हात पालथा ठेवला. सगळा हॉल त्या ओल्या डागाकडे बघत बसला. राख वाळेपर्यंत कोणी खोकलंसुद्धा नाही. मला घाई नव्हती. एवढं मला कशाबद्दलच कधी पक्कं वाटलं नव्हतं — की ती परत येणार, आणि आली की मी गाणार.

कडेनं हळूहळू खिडकी पांढरी झाली. पण माझ्या आधी वामनरावच गायले. बसल्या जागेवरून, फाटक्या आवाजात, "मागं राहिला खिळा…" मग त्यांच्या शेजारची बाई. मग मागचे. मी सगळ्यांत शेवटी मिसळले.

नंतर सगळे स्टेजवर आले. भैय्याजी ताडपत्री उचलून खालची फरशी तपासत होते आणि नाक पुसत होते, दोन्ही एकदम. आई आली. मला म्हणाली, "चांगली गायलीस." मग प्रशिकसमोर उभी राहिली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"जेवला का?"

"नाही अजून, आई."

"हात धू आधी. डब्यात पोळ्या आहेत."

तो कापड गुंडाळताना मी म्हटलं, "मी आज तुह्या मागं आली."

"पाहिलं," तो म्हणाला. मग दोरी बांधत, "मजा आली ना?"

हो. आणि इथे नीट लिहून ठेवते, उगीच मनात घोळ नको. मला प्रशिकचं घर परत नको आहे. त्याचा ओला टॉवेल, त्याचं "हं", काही नको. पण त्या कापडासमोर पुन्हा उभं राहायचंय. पुन्हा पुन्हा.

३ मार्च

चंद्रपूरहून फोन. एका संस्थेच्या बाई, शनिवारी हॉलमध्ये होत्या. जूनमध्ये तिकडे कराल का म्हणाल्या. मी म्हटलं, जूनमध्ये मी इथे नाही.

फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. आईनं दोनदा हाक मारली म्हणे.

४ मार्च, मंगळवार

शाळेत निरोप समारंभाची तारीख विचारत होते. मी हजेरीपट उचलून वर्गात गेले. दिवसभर ओठांवर तीच खिळ्याची ओळ. माझ्याच गाण्याची, आणि ऐकणारीही मीच! वामनरावांच्या बायकोचं नावही विचारलं नाही मी. तिला कोणी विचारलंच नसेल, यायचं का म्हणून. मला तरी कोणी विचारलं? पियूषनं नाही. आईनं नाही. आणि मीही नाही. मुलगी जाते, एवढंच सगळ्यांना पाठ. पडद्यांचा रंग मात्र विचारला.

पियूष आवडतो मला. त्यात काही बदल नाही. उद्या फोन करते.

५ मार्च, बुधवार

केला. म्हटलं, लग्न चार मेलाच. पण मी पुण्याला येत नाही. तू नागपूरला ये.

"किती दिवस?"

"कायमचा."

तिकडे त्यानं पंख्याचं बटण फिरवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मे महिन्यात तिथे माणसं राहतात कशी गं?"

म्हटलं, "कूलर लावून."